स्मृतिभ्रंशाची पुढील तपासणी का टळते?

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन जी प्रश्नसूची भरते, ती आरोग्य खात्यात ‘सीबॅक’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्याशी संबंधित प्रश्नांबरोबरच या सूचीत साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी काही स्वतंत्र प्रश्न आहेत. उभे राहताना वा चालताना तोल जातो काय, दैनंदिन कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते काय, आणि त्यांच्याच जोडीला आणखी एक: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होते काय? उत्तर ‘होय’ असे आले, तर त्या व्यक्तीस वैद्यकीय अधिकारी उपलब्ध असलेल्या नजीकच्या आरोग्य केंद्राकडे पाठवावे, अशी सूचना त्याच कागदावर आहे. व्यवस्था सरळ दिसते. तथापि ‘होय’ ही नोंद आणि डॉक्टरांची खोली यांच्यामध्ये जे अंतर असते, ते पुष्कळ वृद्ध कधीच पार करीत नाहीत. आजच्या विवेचनाचा विषय हे अंतर आहे.

स्मृतिभ्रंश, अर्थात डिमेन्शिया, हे एका रोगाचे नाव नाही. स्मरणशक्ती, भाषा, दिशा व काळ यांचे भान, निर्णयक्षमता यांचा ऱ्हास होऊन दैनंदिन जीवन अडू लागते, त्या अवस्थेला ही संज्ञा आहे. अल्झायमर रोग हे तिचे सर्वाधिक आढळणारे कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाड हे दुसरे महत्त्वाचे कारण होय. २०१० साली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील अशा रुग्णांची संख्या सुमारे ३७ लाख मानली होती. पुढे देशव्यापी वृद्धत्व सर्वेक्षणाला जोडून झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे चित्र बदलले. साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. यांपैकी किती जणांचे रीतसर निदान झालेले असते? २०११ च्या जागतिक अल्झायमर अहवालात भारतातील एका अभ्यासाचा आधार देऊन सुमारे ९० टक्के रुग्ण निदानाविना राहतात, असे नमूद केले होते.

एवढ्या मोठ्या तफावतीचे खापर सामान्यतः दोन गोष्टींवर फोडले जाते: डॉक्टरांची कमतरता आणि लोकांचे अज्ञान. दोन्ही कारणे खरी आहेत. पण पुरेशी नाहीत. डॉक्टर आहेत, तपासणी जवळ आहे आणि शंकाही व्यक्त झालेली आहे, अशा ठिकाणीसुद्धा माणसे मागे फिरतात. या वर्तनाची नीट मोजदाद अमेरिकेतील इंडियानापोलिस या शहरात झाली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. प्राथमिक आरोग्यसेवा घेणाऱ्या ३,३४० वृद्धांची तेथे काही मिनिटांची प्राथमिक चाचणी घेण्यात आली. ४३४ जणांच्या बाबतीत शंका घेण्यास जागा असल्याचे दिसले. त्या सर्वांना निश्चित निदानासाठी पुढील तपासणी देऊ करण्यात आली, तेव्हा केवळ २२७ जण तयार झाले. जवळजवळ निम्म्यांनी नकार दिला. ज्यांची पूर्ण तपासणी झाली, त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे निष्पन्न झाले. ३३ टक्क्यांमध्ये बौद्धिक क्षमतेत काही घट होती, परंतु स्मृतिभ्रंश नव्हता. आणि १७ टक्क्यांमध्ये कोणताही दोष आढळला नाही. नकार देणाऱ्यांमध्येही असे निर्दोष लोक असणारच. शंकेचे ओझे मात्र त्यांनी तसेच घरी नेले.

असाच प्रकारचा पुरावा केरळमध्येही उपलब्ध आहे. तेथे अंगणवाडी सेविकांना अल्प प्रशिक्षण देऊन आपापल्या वस्तीतील संभाव्य रुग्ण ओळखण्यास सांगण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सेविकांनी निवडलेल्या व्यक्तींपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींना तज्ज्ञांच्या तपासणीत खरोखरच स्मृतिभ्रंश असल्याचे आढळले. वस्तीतील ओळखीची स्त्री हे काम किती चांगले करू शकते, हे यावरून दिसतेच. पण उरलेल्या एक तृतीयांशांकडेही लक्ष द्यावयास हवे. प्राथमिक चाचणी ही चाळणी आहे, निकाल नव्हे. चाळणीलाच निकाल समजले, की पुढे जाण्याची इच्छा संपते.

मग माणसे मागे का फिरतात? पहिले कारण भाषेतच सापडते. मराठीत ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे, ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे. हिंदीत ‘सठियाना’ हे क्रियापदच आहे. केरळात याच अवस्थेला ‘चिन्नन’ म्हणतात, ज्याचा अर्थ बालिशपणा असा होतो. समाजाला लक्षणे दिसत नाहीत असे नाही. ती इतकी परिचित आहेत, की त्यांना शब्द, म्हणी आणि थट्टाही आहे. मात्र या कोणत्याही शब्दात रोगाची कल्पना नाही. वय झाले की असे व्हावयाचेच, ही समजूत त्यांत आहे. आणि जे व्हावयाचेच त्याची तपासणी कोण करून घेईल? हा गैरसमज केवळ भारतीय किंवा ग्रामीण आहे, असे मानणे चूक ठरेल. २०२४ च्या जागतिक अल्झायमर अहवालासाठी झालेल्या सर्वेक्षणात सामान्य लोकांपैकी ८० टक्क्यांनी स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग असल्याचे मत दिले. आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांमध्येही हे प्रमाण ६५ टक्के होते. डॉक्टरच जर ‘वयानुसार होते’ असे म्हणून विषय संपवीत असतील, तर रुग्णाला दोष कसा द्यावा?

याहून गुंतागुंतीचे एक कारण गोव्यातील अभ्यासातून पुढे आले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातील वृद्ध व जाणकार व्यक्तींशी गटचर्चा करून २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे वर्णन ऐकवल्यावर बहुतेकांनी ते तात्काळ ओळखले. अशी माणसे आमच्या पाहण्यात आहेत, असे सांगितले. परंतु त्याचे कारण काय, या प्रश्नावर मुलांनी केलेली हेळसांड, छळ, प्रेमाचा अभाव अशी उत्तरे आली. या उत्तरांचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. आईचे विसरणे म्हणजे मुलासुनेने तिच्याकडे पाहिले नाही, असा अर्थ शेजारीपाजारी लावणार असतील, तर तिला तपासणीला नेणे म्हणजे घराच्या कारभाराची जाहीर कबुली देणे होते. विशेषतः सुनेच्या दृष्टीने हा प्रसंग कठीण असतो. सेवा तीच करते आणि संशयही तिच्यावरच येतो. थ्रिसूर येथे काळजीवाहकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते. तेथे रुग्णाचे वागणे अनेकदा हेतुपुरस्सर केलेला त्रास म्हणून समजले जात होते. मुद्दाम करतात, हट्ट करतात, लक्ष वेधून घेतात, अशी समजूत एकदा झाली की उपाय म्हणून रागावणे सुचते. दवाखाना सुचत नाही.

प्रत्यक्ष चाचणीचे स्वरूपही अनेकांना परतवून लावते. परीक्षेची भीती म्हणजे काय, हे या सभागृहातील विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको; पण त्यांनी परीक्षा स्वेच्छेने निवडलेली असते. सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला किंवा निवृत्त मुख्याध्यापकाला अचानक आजची तारीख, शंभरातून सात वजा करीत जाणे, काही वेळापूर्वी सांगितलेले तीन शब्द असे प्रश्न विचारले जातात, तेही मुलाच्या आणि नातवाच्या देखत. ज्याने कधी शाळा पाहिली नाही त्याला अपमान वाटतो. ज्याने आयुष्यभर इतरांच्या परीक्षा घेतल्या त्याला तो अधिकच वाटतो. पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या चाचण्या निरक्षर व्यक्तींवर जशाच्या तशा वापरल्या, तर निष्कर्षही चुकतात. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढ परिसरातील संशोधनासाठी १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांना योग्य अशी हिंदी चाचणी तयार करण्यात आली. तिच्यात लिहिणे-वाचणे टाळून परिचित जीवनातील प्रश्न घेण्यात आले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांत चाचणीसंच विकसित झाला. निदान स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या अनुभवाला धरून होणे ही भाषिक अस्मितेची बाब नाही. निदान बरोबर येण्याची ती अट आहे.

काही वेळा नकार हा आजाराचाच भाग असतो, ही बाब बहुतेक चर्चांमध्ये सुटून जाते. मेंदूच्या ज्या भागांना स्वतःच्या उणिवांची जाणीव होते, तेच भाग बाधित झाले की ‘मला काहीही झालेले नाही’ हे वाक्य त्या व्यक्तीच्या दृष्टीने पूर्ण सत्य असते. तो हट्ट नसतो, लपवाछपवीही नसते. अशा व्यक्तीशी वाद घालून उपयोग होत नाही. रक्तदाब, डोळे, कान यांच्या नेहमीच्या तपासणीच्या निमित्ताने तिला डॉक्टरांपर्यंत नेणे अधिक सोपे जाते, आणि त्यात फसवणूकही नाही. कारण या तपासण्या स्मृतिभ्रंशाच्या निदानाचा भाग आहेतच. ऐकू न येणाऱ्या वृद्धाला प्रश्न न कळल्यामुळे चाचणीत कमी गुण मिळतात, हे वारंवार घडते. शिवाय ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली जे १४ बदलता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष व दृष्टिदोष दोन्ही आहेत. हे सर्व धोके दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

आता सर्वांत वजनदार कारणाकडे वळावयास हवे. ‘औषध नाही, तर निदान कशाला?’ हा प्रश्न अडाणी नाही. भाऊ, बहीण किंवा जोडीदार या आजारातून गेल्याचे ज्याने पाहिले आहे, तो हा प्रश्न पूर्ण माहितीनिशी विचारतो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे, तर आधी मान्य केले पाहिजे, की अल्झायमर बरा करणारे औषध आजही नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब आणि २०२४ साली मान्य झालेले डोनानेमॅब यांनी ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतो. परंतु ती केवळ सुरुवातीच्या अवस्थेत उपयोगी आहेत, फार महाग आहेत, आणि मेंदूला सूज येणे वा सूक्ष्म रक्तस्राव होणे हे त्यांचे धोके आहेत.

असे असूनही पुढील तपासणीला अर्थ आहे, कारण विसरण्याचे प्रत्येक कारण अल्झायमर नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया साध्या रक्तचाचणीत कळतात. घसरून पडल्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसते. वार्धक्यातील नैराश्य कित्येकदा विसरभोळेपणाचे रूप घेऊन येते. झोपेच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांमुळेही वृद्धांमध्ये गोंधळलेपणा वाढतो. त्या बंद केल्या की फरक पडतो. पूर्ण बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण थोडे असते, हे खरे. पण आपली व्यक्ती त्या थोड्यांत आहे की नाही, हे तपासणीशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

जेथे रोग अटळ आहे, तेथेही निदानानंतर काही करता येते, याचा पुरावा पुन्हा गोव्यातूनच मिळतो. बार्देस व तिसवाडी तालुक्यांतील ८१ कुटुंबांबरोबर झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी पाहण्याजोगा आहे. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन कुटुंबाला आजार समजावून सांगितला, वागणुकीतील अडचणी कशा हाताळाव्यात हे दाखविले, डॉक्टरांचा सल्ला व सरकारी योजना यांच्याशी त्यांना जोडून दिले. परिणामी काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि त्यांना जाणवणारा भार कमी झाला. तेथे महागडे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. ज्या गावात अशी व्यक्ती निदानानंतर दारात येणार आहे, तेथे तपासणीचा हिशेब बदलतो. जेथे येणार नाही, तेथे तपासणी टाळणाऱ्या कुटुंबाचा हिशेब दुर्दैवाने चुकीचा म्हणता येत नाही.

या हिशेबात पैसाही असतो. पुढील तपासणी म्हणजे एक चाचणी नव्हे. नातेवाइकाकडून सविस्तर पूर्वेतिहास, शारीरिक तपासणी, रक्तचाचण्या, सीटी किंवा एमआरआय, मग पुन्हा भेट, असा तो क्रम आहे. प्रत्येक फेरीला सोबत एक माणूस लागतो आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत समाविष्ट करण्यात आले. हा निर्णय मोठा आहे. तथापि या योजनेचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. स्मृतिभ्रंशाची तपासणी मात्र जवळजवळ पूर्णपणे बाह्यरुग्ण विभागात होते. त्यामुळे जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी सेवा उभारणाऱ्या, २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमावर याबाबतीत अधिक भिस्त राहते.

आणखी एक भीती उघडपणे बोलली जात नाही. निदान कागदावर आले, की खात्यावरची सही चालणार नाही, शेत नावावर राहणार नाही, मृत्युपत्राला आव्हान मिळेल, असे वृद्धांना वाटते. काही घरांत ही भीती साधार असते. कायदा मात्र याबाबत पुष्कळ स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार व मनःस्थिती यांच्याबरोबर स्थलकालाचे भान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ३ नुसार, सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज, केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून व्यक्ती विकल मनाची ठरत नाही. कलम २३ माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ५९ मृत्युपत्र करतेवेळच्या मनःस्थितीला महत्त्व देते. म्हणजे सौम्य अवस्थेतील निदान कोणाचेही हक्क आपोआप काढून घेत नाही. उलट, २०१७ च्या अधिनियमातील कलम ५ नुसार पुढील उपचारांविषयीचे आगाऊ निर्देश लिहून ठेवणे, कलम १४ नुसार आपला प्रतिनिधी नेमणे, या गोष्टी व्यक्ती स्वतः समजून निर्णय घेऊ शकते तोवरच करता येतात. तपासणी दोन-तीन वर्षे लांबली, तर हे हक्क पुस्तकात राहतात, आणि वृद्धाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस कोण हे तो स्वतः ठरवू शकत नाही. हक्क जातील म्हणून तपासणी टाळणारी व्यक्ती अनेकदा अशा प्रकारे तेच हक्क गमावते.

याचा अर्थ सर्वांना चाचणीला उभे करावे, असा मात्र नाही. कोणतीही लक्षणे नसलेल्या वृद्धांची सरसकट चाचणी घ्यावी काय, या प्रश्नावर अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०२० साली पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. लक्षणे दिसत असतील तेव्हाची तपासणी ही वेगळी बाब आहे. तरीही तेथेसुद्धा समजून-उमजून दिलेला नकार हा व्यक्तीचा अधिकार आहे. आपल्याकडे खरी अडचण वेगळ्या ठिकाणी येते. नकार कोणाचा आहे, हेच कित्येकदा विचारले जात नाही. मुलगा ‘नको’ म्हणतो आणि वडिलांचा नकार म्हणून तो नोंदला जातो. किंवा तपासणी होते, निष्कर्ष मुलाला सांगितला जातो आणि ज्याची तपासणी झाली त्याला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून घरी नेले जाते. तपासणीपूर्वीच, खाजगीत, त्या व्यक्तीला किती जाणून घ्यावयाचे आहे आणि आणखी कोणाला सांगावयाचे आहे, हे विचारणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

राज्यांच्या पातळीवर काही हालचाल झाली आहे. केरळने स्मृतिभ्रंशासाठी राज्यस्तरीय उपक्रम २०१४ साली हाती घेतला. कर्नाटकाने २०२२ साली बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम काही जिल्ह्यांत सुरू केला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना मेंदूविकार ओळखण्याचे प्रशिक्षण आणि जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ-सेवा यांची सांगड घालण्यात आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरच्या पायरीवर तज्ज्ञ बसवावा आणि मग खालच्या पायरीवर शंका नोंदवावी. इंडियानापोलिसच्या त्याच अभ्यासात आढळले होते, की निदान झालेल्यांपैकी केवळ १९ टक्क्यांच्या वैद्यकीय नोंदीत स्मृतिभ्रंशाचा उल्लेख होता. तपासणीस तयार झालेल्यांच्या वाट्यालाही हे आले.

सीबॅकच्या कागदावर विसरण्याविषयीच्या प्रश्नापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने आहेत. ‘होय’ म्हटलेली व्यक्ती केंद्रात पोहोचली काय, तेथे तिची कोणती तपासणी झाली, आणि न पोहोचल्यास कारण काय, हे आशा स्वयंसेविका पुढच्या फेरीत विचारू शकते. त्यासाठी तिला मानधन मिळावयास हवे, आणि विचारल्यावर पुढे पाठविण्यासारखा दवाखानाही जवळ असावयास हवा.